बीजींचा गुलाबी दगड

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. मुलापुढे नाही, सुनेपुढे तर नाहीच नाही. सुमन असती तर तिला सांगितलं असतं का? – तिला सांगावं लागलंच नसतं, तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असतं. आता ती नाही, आणि माझ्या तोंडाकडे इतक्या बारकाईनं बघणारं इथं दुसरं कुणी नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

मी मूळचा संगमनेरचा. पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, निवृत्त झालो, बायको गेली, आणि मुलानं – मंदारनं – मला इकडे मोहालीला आणलं. तो इथल्या एका कंपनीत आहे. सून चंदीगडचीच, पंजाबी. नेहा तिचं नाव. चांगली मुलगी आहे, माझ्या पथ्यपाण्याचं बघते, मराठी कळतं तिला, बोलायला लाजते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार तिच्या वडिलांबद्दल आहे. हरीशजी. माझे व्याही.

पण आधी माझ्या यंत्राबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं काही कळणार नाही. दगडांना पॉलिश करायचं यंत्र म्हणजे काही फार मोठी गोष्ट नसते. आतून रबर लावलेला एक ड्रम, तो दोन रुळांवर आडवा ठेवायचा, खाली मोटर. ड्रममध्ये दगड, पाणी आणि घासायची पूड घालायची – आधी जाड, मग मध्यम, मग बारीक, शेवटी पॉलिशची पांढरी. एकेका पुडीला आठवडा तरी द्यावाच लागतो. तेवढा वेळ ड्रम रात्रंदिवस गुरगुरत फिरतो आणि दगड एकमेकांना घासून गुळगुळीत होतात. माझं यंत्र बाल्कनीत असतं. हरीशजींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "वाह भाईसाब, ये तो पत्थरों की वॉशिंग मशीन है." सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं होतं.

हा नाद मला का लागला? सुमनमुळे. मी कालव्यांच्या पाहणीला निघालो की ती जीपमध्ये बसून यायची, आणि माझं काम चालू असताना प्रवरेच्या पात्रात गारगोट्या वेचत हिंडायची. दुधी, तपकिरी, रेघारेघांचे अकीक. घरी डालड्याचा एक मोठा डबा होता, त्यात सगळे टाकायची, आणि दर वेळी तेच म्हणायची – पाण्यात होते तेव्हा किती छान दिसत होते, घरी आणले की मेले फिके पडतात. ती गेल्यावर मला कुठंतरी वाचायला मिळालं की चांगलं पॉलिश झालेला दगड कायम ओल्यासारखा दिसतो. म्हणून यंत्र घेतलं. तो डबा मी सामानातून मोहालीला आणला होता. जवळजवळ वर्षभर तिच्या गारगोट्या घासत बसलो. शेवटच्या धुण्यानंतर त्या टॉवेलवर पसरल्या, तेव्हा बाल्कनीत एकट्यानं बसून रडलो, हेही सांगून टाकतो.

त्या सगळ्या गारगोट्या एका काचेच्या बरणीत भरून मी नातीला वाढदिवसाला दिल्या. अन्वी तेव्हा सहा वर्षांची झाली. समारंभ हरीशजींच्या घरी, चंदीगडला सेक्टर बावीसमध्ये, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. नळ-फिटिंगचं दुकान आहे त्यांचं. घर माणसांनी भरलेलं, गाणी मोठ्यानं, छोल्यांची कढई उतू जाईल इतकी भरलेली – त्यांचं सगळंच तसं. निघताना मुलांना द्यायच्या भेटवस्तू कमी पडल्या. हरीशजींची नजर बरणीवर गेली. "लो जी बच्चो, आजोबा के मोती!" असं म्हणून त्यांनी मुठी भरभरून वाटायला सुरुवात केली. पोरांनी खिसे भरले. एकानं जिन्यातूनच खाली उभ्या स्कूटरवर नेम धरला. मी हातात कागदाची प्लेट घेऊन बघत उभा होतो. रिकाम्या झालेल्या बरणीत त्यांनी टॉफ्या भरल्या आणि ती अन्वीच्या हातात दिली. ती खूश.

मी का ओरडलो नाही? का म्हटलं नाही की थांबा, त्या माझ्या बायकोच्या आहेत? – माहीत नाही. मला वाटलं, मंदार म्हणेल. आईचा डबा त्यानं लहानपणापासून पाहिलेला. पण पॉलिश केल्यावर त्यालाही त्या गारगोट्या ओळखू आल्या नाहीत, आणि मी कुणाला बोललोच नव्हतो. म्हणजे हरीशजींना काही ठाऊक असणं शक्यच नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्या दिवशी जिना उतरताना मी ठरवलं की या माणसाचं असंच काहीतरी जायला हवं. अगदी असंच, हातातून, हसता हसता.

इथपर्यंत माझी बाजू तुम्हाला पटली असेल. थांबा जरा.

हरीशजींच्या आई, बीजी, त्यांच्याच घरी होत्या. ऐंशीच्या पुढे गेलेल्या, कंबरेत वाकलेल्या, पण डोळे एकदम लख्ख. फाळणीच्या वेळी त्या सहा-सात वर्षांच्या. गाव सुटलं तेव्हा घराच्या अंगणातून एक गुलाबी दगड उचलून त्यांनी ओढणीत बांधला होता. वडील वाटेतच गेले. घरातलं दुसरं काहीच इकडे पोचलं नाही, तो दगड तेवढा पोचला. देवघरात, देवांच्या शेजारी ठेवलेला असायचा. आणि त्या दगडाची एक गोष्ट सगळ्या घराला पाठ होती – पावसाळ्यात तो रडतो. खरोखर, श्रावणात त्याला पाणी सुटायचं. बीजी त्याच्याखाली पितळेची वाटी ठेवायच्या आणि जमलेलं पाणी बोटानं डोळ्यांना लावायच्या. "पिंड नू याद करदा ए," म्हणायच्या. दगडाला गावाची आठवण येते.

त्या वाढदिवसानंतर काही महिन्यांनी, पाऊस सरल्यावर, हरीशजी तो दगड रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. बीजींना न सांगता. म्हणाले, "अन्वी के मोती देखे थे ना, बस वैसी चमक आ जाए. दिवाली पे बीजी को सरप्राइज़ देंगे. ख़राब तो नहीं होगा, भाईसाब?"

मी दगड हातात घेतला. आकाराच्या मानानं हलका. एका बाजूला गुळगुळीत खळगा. असा खळगा मी संगमनेरकडे गोठ्यागोठ्यांतून पाहिलेला होता. हरीशजी पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी तो जिभेला लावला.

मीठ होतं. सैंधवाचा खडा. गुरांना चाटायला ठेवतात तो. म्हणून तर त्याला पावसाळी हवेत पाणी सुटायचं. हरीशजी बाहेर आले. एका वाक्याचं काम होतं – हे मीठ आहे, याला पाण्यात घालू नका, जसं आहे तसं परत न्या. मी म्हणालो, "चमकेगा. पक्का."

त्याच दुपारी मी तो ड्रममध्ये टाकला. पाणी भरलं. पूड घातली नाही. पूड कशाला वाया घालवायची? – असा विचार मी खरोखर केला, आणि मनात हसलोसुद्धा. झाकण घट्ट केलं, मोटर चालू केली, खुर्ची ओढून शेजारी बसलो. एकटा खडा ड्रममध्ये धप् धप् पडत होता. सुरुवातीला जड आवाज, मग हलका, मग नुसता टकटक. ऊन उतरेपर्यंत पाण्याचा खळखळाट तेवढा राहिला. झाकण उघडलं तर आत लालसर गढूळ पाणी. मी ते न्हाणीघरात ओतलं आणि वरून बादलीभर पाणी टाकलं. मग खालच्या दुकानातून ब्रेड आणून चहाबरोबर खाल्ला.

वाईट वाटलं का? तुम्ही विचारणारच. नाही वाटलं. सुमनच्या गारगोट्या गेल्यापासून इतकी चांगली झोप मला लागली नव्हती.

पुढचं सगळं मी जीव ओतून केलं. बाजारात रत्नं आणि स्फटिक विकणाऱ्याकडून गुलाबी गारेचा तेवढाच तुकडा आणला. ग्राइंडरनं त्याला तोच आकार दिला, तसाच खळगा कोरला, आणि मग त्याला चारही पुड्यांतून काढलं. खळग्याच्या कडा तर हातानं, चामड्याच्या तुकड्यानं घासल्या. खोटं सांगत नाही, माझ्या हातून इतकं सुंदर पॉलिश पुन्हा कधी झालं नाही. दिवाळीला हरीशजींनी तो सगळ्यांसमोर बीजींच्या ओंजळीत ठेवला. घरभर वाहवा झाली. हरीशजींचे डोळे भरून आले, त्यांनी मला मिठी मारली. मी त्यांच्या पाठीवर थोपटलं.

आणि त्यांच्या खांद्यावरून मी पाहिलं – बीजींनी दगड उजेडाकडे धरला, अंगठा खळग्यातून फिरवला, आणि जिभेचं टोक हळूच त्याला लावलं.

त्यांना माहीत होतं. म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं. स्वतःच्या अंगणात गाय काय चाटते हे पोरीला माहीत नसेल? इतकी वर्षं त्या घराला रडणाऱ्या दगडाची गोष्ट सांगत होत्या, आणि तो मिठाचा आहे हे एकट्या त्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता या बोलणार, आणि माझ्या मुलाचा संसार इथंच, या पणत्यांमध्ये संपणार. त्या म्हणाल्या, "बड़ी मेहनत कीती ए, पुत्तर." मला, सदुसष्ट वर्षांच्या माणसाला, पुत्तर. मग उठल्या, तो दगड देवघरात जुन्या जागी ठेवून आल्या, आणि नेहाच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांची नात माझ्या घरात नांदते आहे, हे मी विसरलो होतो, त्या विसरल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी श्रावण आला. पाऊस भरपूर झाला, रस्त्यांवर पाणी साचलं, भिंतींना ओल आली. दगड कोरडा. हरीशजी रोज दुकान उघडण्याआधी देवघरात जाऊन वाटीत बोट घालून बघायचे, असं नेहाच सांगायची. बीजी वाटी तेवढी उचलून घासायला टाकायच्या आणि पुन्हा तिथं मांडायच्या. पाऊस ओसरता ओसरता त्यांचं खाणं कमी झालं. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलमध्ये काही दिवस होत्या, मग घरी आणलं, आणि एका सकाळी गेल्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. असेलही तसंच. पण ती कोरडी वाटी मीच मांडली होती.

हीच माझी चूक, असं तुम्हाला वाटेल. मलाही पुष्कळ दिवस वाटत होतं. पण दगड विरघळवला तेव्हा मी रागात होतो, आणि राग काय, कुणालाही येतो. सांगायचं आहे ते याच्या पुढचं आहे.

तेराव्यानंतर हरीशजी एका रविवारी माझ्याकडे आले. एकटेच. बाल्कनीत बसले, यंत्र चालू होतं, मी ते बंद केलं. नेहमी घर डोक्यावर घेणाऱ्या माणसानं खिशातून हातरुमाल काढून मुठीत धरला. मग बोलायला लागले. म्हणाले, मी बीजींना न विचारता दगड उचलून आणला. त्यांच्या गावाची शेवटची खूण होती, ती मी हौसेपायी घासून घेतली. तेव्हापासून तो रडायचा थांबला, आणि मग बीजींचं मन उडालं. हे सांगताना ते रडत होते, लहान मुलासारखे, नाक हातरुमालानं पुसत. आणि मग त्यांनी मला विचारलं, "मैंने ही मार दिया ना उन्हें, भाईसाब? सच बताना."

माझ्या तोंडाशी आलं होतं. खरंच आलं होतं. तो दगड तुम्ही घासला नाहीत, तो आता जगात नाही, आणि याचं कारण मी आहे – इतकंच म्हणायचं होतं. नाही तर निदान "छे छे, असं काही नसतं" एवढं तरी. कुणीही म्हणतं. दारावर आलेल्या अनोळखी माणसालाही आपण एवढं म्हणतो.

मला ती बरणी दिसली. टॉफ्यांनी भरलेली.

मी म्हणालो, "उसे हाथ नहीं लगाना चाहिए था, हरीशजी."

त्यांनी मान हलवली. हेच ऐकायला आल्यासारखी. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उठले, आणि भिंतीला धरून जिना उतरले. मी वरून बघत होतो. मला बरं वाटत होतं. हे मी दुसऱ्या कुठल्याही शब्दात सांगू शकत नाही – बरं वाटत होतं.

ते अजून येतात, दर रविवारी. आवाज पार खाली आलाय. दुकानात फार बसत नाहीत. सत्संगाला जातात, उपास धरतात, डॉक्टर बदलतात. नेहा म्हणते, पापा को अंदर से कुछ खा रहा है. मी आलं घालून चहा करतो, आम्ही दोघं बाल्कनीत बसतो, ते बीजींबद्दल बोलतात आणि मी ऐकतो. मी एक वाक्य बोललो तर त्यांच्या छातीवरचं ओझं त्याच क्षणी उतरेल, ते रात्री झोपतील, पुन्हा मोठ्यानं हसतील. हे मला पहिल्या रविवारपासून कळतं आहे. म्हणूनच सांगितलेलं नाही.