सहा महिन्यांची शपथ

ओतिलिया आमच्या गल्लीतली सर्वांत हुशार बाई, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. तोंडावर मी तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. कॅलिफोर्नियाची द्राक्षं पेट्यांत भरून वीस वर्षांत तिची बोटं वाकडी झाली होती. दवाखान्यानं वस्तीतल्या बायकांना व्यसनांबद्दल शिकवून आरोग्यसेविका करायचं काढलं, तेव्हा पहिलं नाव तिचं. दुसरं माझं. दुपारचं जेवण फुकट होतं, आणि कोणाच्या घरातून किती बाटल्या निघतात ते बसल्या जागी कळणार होतं.

वर्ग दवाखान्याच्याच मागच्या खोलीत, दर मंगळवारी. बेरेनिस नावाची शहरातली पोर नाटक करवून शिकवायची. पिणारा अर्थात मी.

"दादा, रोज किती घेता?" ओतिलियानं विचारलं.

"आईशप्पथ, दोनच बियर."

"दोन बाटल्या की दोन खोकी?"

बायका खदखदल्या. ती हसली नाही. "सकाळी उठल्यावर हात कापतात का?"

ज्याचे हात कापतात त्याची दारू एकदम तोडायची नाही, झटके येऊन माणूस जातो, आधी डॉक्टरकडे आणायचं, असं बेरेनिसनं फळ्यावर लिहिलं. ओतिलियानं ते वहीत लाल शाईनं उतरवलं, खाली दोन रेघा ओढल्या.

हात कोणाचे कापतात हे गल्लीला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ फिदेन्सिओ कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायचा, तरी निम्मी शर्टावर. जेवताना वाफवलेल्या मक्याच्या तमालेवरचं पान सोडता सोडता मी म्हटलं, "स्वतःच्या घराला आग, आणि बंब निघाला गावाला!"

हशा पिकला. ओतिलियानं हातातला घास ताटात ठेवला.

त्या रविवारी तिनं भावाला दवाखान्यात नेलंच नाही, चर्चमध्ये नेलं. आमच्या मेक्सिकन लोकांत दारू सोडायची जुनी रीत आहे. ग्वादालुपेच्या मेरीमाउलीसमोर गुडघे टेकून इतके दिवस थेंब घेणार नाही अशी मुदत बोलायची, पाद्री तारीख घालून चिठ्ठी देतो. कोणी ग्लास पुढे केला की चिठ्ठी दाखवायची, मग आग्रह करणाराही टोपी काढतो. त्यात लाज नाही, उलट मान.

"पहिलीच वेळ आहे, महिनाभराची घे की," पाद्री म्हणाला.

"सहा महिने," फिदेन्सिओ म्हणाला.

सोमवारी त्याला घाम सुटला. मंगळवारी भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. "सैतान बाहेर पडतोय," त्यांची आई म्हणाली आणि मेणबत्ती लावून आली. ओतिलिया त्या दिवशी वर्गाला आली नाही. मी त्यावरही एक विनोद केला.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, माझ्याकडे न बघता. "गाडीची किल्ली हातात घेतली होती, मावशी. पण मंगळवार होता. तुम्ही सगळ्या तिथं बसलेल्या असणार."

संध्याकाळी तिनं आईची नजर चुकवून बियर आणली, बाटली त्याच्या तोंडाला लावली. "घे रे, एक घोट घे. मी सांगते ना!"

त्यानं दात आवळले. "ताई, शपथ घेतलीय. तूच नेलं होतंस."

बुधवारी पहाटे झटके आले. अँब्युलन्स येईपर्यंत आटोपलं होतं.

मयताला कोणी थेंब घेतला नाही. आईनं चिठ्ठीला चौकट करून घेतली. "माझा पोरगा शब्दाला जागून गेला," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. शेजारी उभी राहून ओतिलिया मान हलवते. परीक्षेत ती पहिली आली. प्रमाणपत्र तिनं भिंतीवर लावलेलं नाही.

आता रविवारी ती चर्चच्या दारात उभी असते. शपथ घ्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारते, "दादा, सकाळी हात कापतात का? आधी माझ्याबरोबर दवाखान्यात चला." आत पहिल्या बाकावर तिची आई बसलेली असते, म्हणून हळू आवाजात विचारते.

परवा एकजण आला. कापरे हात खिशात घालून हसला. "दवाखाना कशाला, ताई? तुमच्या फिदेन्सिओसारखी पक्की शपथ घेणार आहे मी."

मी तिथंच उभी होते. या वेळी विनोद केला नाही, त्याच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभी राहिले.