हर्शेलच्या लेकीचा अर्ज

डार्ला स्टिडम एक्केचाळीस वर्षांची. केंटकीच्या डोंगरातल्या ज्या दरीत जन्मली, तिथेच राहिली. बाप हर्शेल तीस वर्षं कोळशाच्या खाणीत खपला आणि काळी झालेली फुप्फुसं घेऊन घरी बसला. सात वर्षं त्याचं सगळं तीच बघत होती. दरीत कुणालाही धाप लागली की डार्लाला हाक जायची. ती उशा लावून बसवायची, ऑक्सिजनची नळी बघायची, वाफ द्यायची. "अगं, तू तर नर्सच," असं सगळे म्हणत. म्हणायला काय जातंय? हातात कागद नव्हता ना.

म्हणून तिनं गावातल्या कम्युनिटी कॉलेजचा अर्ज आणला. एक अभ्यासक्रम आरोग्य अभ्यासाचा, वर्ग इथेच, दुपारी घरी परत. दुसरा श्वसनोपचाराचा, जागा फक्त बारा, आणि आठवड्यातले चार दिवस दीड तासावरच्या इस्पितळात. प्रवेशाच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "पहिल्या पदवीवर रुग्णाला हात लावायचा परवाना मिळत नाही हं." डार्लानं ऐकून घेतलं आणि मुकाट पहिल्यावरच खूण केली. बापाला एकटं टाकून जाणार कुठं?

जेवताना घेवड्याच्या वाडग्याशेजारी तो अर्ज हर्शेलला दिसला. त्यानं चष्मा लावून सावकाश वाचला.

"हे शिकून काय होशील?"

"बघू पुढे."

"धाप लागलेल्या माणसाला हात लावू देतील?"

"नाही."

"मग कशाला हे?"

"मला हेच आवडतं, बाबा."

हर्शेल हसायला गेला आणि बराच वेळ खोकत राहिला. मग तुकड्यातुकड्यानं बोलला.

"अडतीसचा होतो मी. छातीचे फोटो काढणारी गाडी खाणीच्या फाटकाशी यायची. फुकट. आम्ही मागल्या वाटेनं सटकायचो. डाग दिसला तर काम जाईल, ही भीती. वर तोंड करून सांगायचो, मला काय धाड भरलीय? तूही आज तेच करतेयस, पोरी."

इथल्या पुरुषांची तऱ्हाच ही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चढणीवर मध्येच बसलेला माणूस "जरा डोंगर बघतोय" म्हणेल, पण दम लागलाय म्हणणार नाही. शुद्ध मूर्खपणा, आणि त्यापायी या दरीतल्या किती बायकांनी अकाली नवरे पुरले.

डार्ला चिडली. "आणि तुम्हाला उठवून बसवणार कोण? शेजाऱ्यांचं मांजर?"

हर्शेलनं हात लांबवून फोन ओढला आणि डोंगरापलीकडे राहणाऱ्या बहिणीला लावला. वर्डी दर रविवारी तब्येत विचारायची, आणि हा दर रविवारी "झकास" म्हणून फोन ठेवायचा.

"वर्डी," तो म्हणाला आणि थांबला. "मला श्वास घेता येत नाही गं. बरीच वर्षं झाली. पोरीला शिकायला जायचंय. तू येऊन राहशील?"

पलीकडे वर्डी रडायला लागली. रडत रडतच म्हणाली, "येते रे, येऊन राहते."

डार्लालाही भडभडून आलं. सात वर्षं ती ज्याच्या उशा लावत होती, त्यानं तिलाही हे कधी सांगितलं नव्हतं. तिनं अर्ज पुढे ओढला, पहिली खूण खोडली आणि श्वसनोपचारापुढे नवी केली.