सगळ्यांना एकच नाव देणाऱ्या अक्का

“काका, आई गेली...” तीन आठवड्यांपूर्वी बंगळूरच्या जे. पी. नगरहून मीनलचा फोन आला, तेव्हा मी नागपुरात भाजी घेऊन परतत होतो. रस्त्याच्या कडेलाच उभा राहिलो. मीनलची आई, म्हणजे आमच्या वत्सलाअक्का, माझ्या नात्यातल्या कुणी नव्हत्या. पण त्यांच्या हाताखाली काम केलं, हे आजही मी कुणालाही छाती फुगवून सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बंगळूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. तिथलं नेटवर्क अक्का सांभाळायच्या. मूळच्या निपाणीच्या, एक वाक्य मराठी, पुढचं कानडी. वीस-बावीस संगणकांना मिळून इंटरनेटची एकच जोडणी होती आणि तिच्या तोंडाशी अक्कांनी गाळणीसारखा एक प्रोग्राम बसवला होता. साइट उघडली की ब्राउझर आपलं नाव, आवृत्ती, संगणक कुठला, आधी कुठल्या पानावर होतो, हे न विचारता सांगून टाकतो. अक्कांचा प्रोग्राम ते सगळं पुसायचा आणि सगळ्यांच्या वतीने एकच बनावट नाव पुढे पाठवायचा. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “दुकानात शिरताना कुणी दारातच गाव-गल्ली सांगतं का रे? मग इथं कशाला?”

त्याच वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला. जेवणाच्या सुट्टीत मी नागपूरकडच्या नोकऱ्या शोधू लागलो. मी अजून कायम झालो नव्हतो. ऑफिसात कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं. आणि ज्या साइटवर शोधत होतो, ती निघाली आमच्या साहेबांच्या मित्राची! आपल्या ऑफिसातून तिथे कोण जातं, याची यादी साहेबांनी त्या मित्राकडून मागवली. प्रत्येकाचा ब्राउझर थोडा वेगळा, त्यावरून माणूस पकडायचा बेत. यादीत मात्र प्रत्येक ओळीत अक्कांचं तेच एक बनावट नाव.

साहेबांनी अक्कांना सगळ्यांसमोर बोलावलं. “तो प्रोग्राम आजच्या आज काढून टाका.” मी मान खाली घालून बसलो होतो.

“सरी, ठीक आहे,” अक्का शांतपणे म्हणाल्या. “लेखी द्या, काढते. पण मग प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन सांगणार, की आजपासून तुमच्यावर नजर आहे.”

लेखी काही आलं नाही. आली ती अक्कांची बदली, येलहंकाच्या शाखेत. शहराच्या या टोकाहून त्या टोकाला, दोन बस बदलून, दोन वर्षं त्या जात राहिल्या. माफी मागितली नाही, की तक्रारही केली नाही. प्रोग्राम जागेवरच राहिला.

काही महिन्यांनी मला नागपुरात नोकरी मिळाली. वडिलांची शेवटची चार वर्षं त्यांच्याजवळ काढता आली. निघण्यापूर्वी येलहंकाला जाऊन अक्कांना सगळं सांगितलं. त्या थक्क झाल्या. “तो तू होतास होय? मला काय ठाऊक!”

“पण अक्का, तुम्हाला तर बघता आलं असतं.”

“आलं असतं की,” त्या हसल्या. “म्हणूनच बघितलं नाही.”

मागच्या आठवड्यात मीनलला भेटायला गेलो. परतीचं तिकीट काढायला तिच्या लॅपटॉपवर बसलो आणि पासवर्ड टाइप करू लागलो, तशी शेजारी उभी असलेली मीनल बोलता बोलता खिडकीकडे वळली. कुणी पासवर्ड टाकू लागलं की अक्का अगदी अशाच वळायच्या, बाहेर काहीतरी बघायचं राहून गेल्यासारख्या. माझं टाइप करून झालं होतं... तरी बराच वेळ मी तिला हाक मारली नाही.