पहाटेची बाटली

पाळी चुकली म्हणून मी हरखले होते, आणि तपासणीचा रिपोर्ट आला निगेटिव्ह. मुलुंडला आमच्या चाळीजवळच्या डॉक्टरांनी पाळी यायच्या गोळ्या लिहून दिल्या. तेव्हा सर्रास देत. पण मला पटेना. ब्रश तोंडात घातला की उमासे, चहाचा वास नकोसा. त्याआधी एकदा माझं पोट पडलं होतं. हेही गेलं तर?

संशय सगळ्यांचाच. तपासायची लघवीची बाटली नवऱ्याने लॅबमध्ये नेली होती. वाटेत पानाच्या टपरीवर गप्पा छाटत बसला असेल! लॅबवाल्याने भलत्याच बाईची तपासली असेल. आणि सासूबाई? "घे गो गोळी, कित्याक वाट बघतंस?" म्हणून सारख्या मागे. यांना एवढी घाई कसली? मी गोळी घेतलीच नाही.

सरळ घाटकोपरची डॉक्टरीणबाई गाठली, गोळ्यांसकट सगळं सांगितलं. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. नजर ठेवायला, दुसरं काय!

"लघवी पहाटेची पहिलीच होती ना?" बाईंनी विचारलं.

मी झालं ते सांगितलं. चाळीचे संडास सामायिक, पहाटे बाप्यांची रांग. "लोकांदेखत बाटली घेवन जातलंस?" म्हणून सासूबाईंनी मला रिकाम्या हाती पाठवलं होतं. परत आल्यावर घरच्या रिवाजाप्रमाणे तांब्याभर पाणी पाजलं. नंतर कधीतरी मोरीत बाटली भरली.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गरोदरपणाचं हार्मोन सुरुवातीला थोडंसंच असतं, मग भराभर वाढतं. रात्रभर साचलेल्या लघवीत ते सापडतं. तुम्ही पाणी पिऊन ते पातळ केलंत, मग दिसणार कसं?"

दुसऱ्या दिवशी मी पदराखाली बाटली घेऊन रांगेत उभी राहिले. बघेनात का मेले! ती स्वतः घाटकोपरला नेली, आणि निकाल येईपर्यंत तिथून हलले नाही. सासूबाई शेजारीच.

"आहे हो, दिवस आहेत," बाई म्हणाल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "त्या गोळ्या घेतल्या नाहीत ना? पोटातल्या बाळाला अपाय होतो त्यांनी."

"एकही नाही."

सासूबाई सगळ्या बायकांसमोर हमसून रडायला लागल्या. "माझ्या हातान काय झाला असता गो बाय!"

मी चांगलीच चिडलेली होते. तरी त्यांचा हात धरला.