डिसेंबरातलं खवट लोणी

काल कॅम्पातून जाताना एका बेकरीतून ख्रिसमस केकचा वास आला आणि मला सॅमसनकाका आठवले. ते आमच्या चर्चचा कारभार पाहणारे एल्डर, आणि माझी पहिली नोकरी त्यांच्याच बेकरीत. "अगं, पीठ मळणं हीसुद्धा प्रभूची सेवाच," ते म्हणायचे, आणि मला ते मनापासून पटायचं.

त्या डिसेंबरात लोणी खवट झालं होतं. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "मसाल्यात कळत नाही. घाल तू." पुढे एक बाई केक परत घेऊन आल्या. काका माझ्याकडे न बघता त्यांना म्हणाले, "नवीन मुलगी आहे हो. हिनं न विचारता घातलं."

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट माझ्यापुढे धरून ते हळूच म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. धंद्यात चालतं असं."

तेव्हा मला त्यांच्या खोटं बोलण्याचाच राग आला होता. तो कधीच निवला. पण ज्या कामाला सेवा म्हणायला त्यांनीच मला शिकवलं, त्याला ते हातात ताट धरून धंदा म्हणाले, हे मला अजून गिळता आलेलं नाही.