किल्ल्यावरची चित्रं

भिवा ओव्हाळ चिंचवडच्या एका फाउंड्रीत लागला, त्याला कोअर शॉपला टाकलं आणि तो तिथलाच होऊन गेला. कोअर म्हणजे वाळूचा गाभा. इंजिनाचा एखादा भाग ओतायचा तर त्यात जिथं पोकळी हवी तिथं आधी हा गाभा बसवायचा, भोवतीनं लोखंडाचा रस ओतायचा, आणि सगळं थंड झालं की आतली वाळू ठोकून, खरवडून काढून टाकायची. म्हणजे भिवा पाळीभर बसून जे हातानं घडवी, ते दुसरा कुणीतरी हातोडीनं फोडी. त्याचं त्याला काही वाटत नसे. हाताला लवचिकपणा होता, त्याच्या गाभ्याचा कधी कोपरा मोडत नसे, आणि फोरमन यशवंतराव माणूस तोंडाचे फटकळ असले तरी भिवाला फारसं कधी बोलले नाहीत.

राहायला तो रहाटणीत, नानासाहेबांच्या चाळीत. नानासाहेब गावचे जुने शेतकरी. त्यांची आकुर्डीकडची जमीन कंपन्यांत गेली, आलेल्या पैशातून त्यांनी घरामागं आठ खोल्या काढल्या आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. भिवाला त्यांनी शेवटची खोली दिली. ओव्हाळ आडनाव ऐकून ते क्षणभर थांबले होते, मग किल्ली काढून दिली होती. भिवानं ते थांबणं मनात नोंदवलं आणि किल्लीही घेतली. वर्षं गेली. नळावर, ओट्यावर, एकमेकांच्या आजारपणात चाळ एक होत गेली, तरी नानासाहेबांसमोर भिवा कायम दोन पावलं मागंच उभा राही.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. बाकीची माणसं पिंपरीला बाजाराला जात, सिनेमाला जात. भिवा पवनेच्या काठावर जाई आणि पिशवीत चिकणमाती घेऊन येई. मग दार लोटून घ्यायचं, पोतं अंथरायचं आणि माणसं करत बसायचं. वीतभर उंचीची माणसं. देव नाहीत, राजे नाहीत. सायकलच्या दांड्याला डबा अडकवून जाणारा कामगार. नळावर भांडताना पदर खोचणारी बाई. दुसरी पाळी करून आलेला आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेला गडी. नाकडोळे तो फार कोरत नसे. पाठीचा बाक, मानेचा कल, पाय टाकायची तऱ्हा यावरूनच माणूस ओळखू येई. मातीच्या अशा बाहुल्यांना तिकडं चित्रंच म्हणत; झालेलं चित्र वाळलं की ते जुन्या सुती चिंध्यांत गुंडाळून मशिनींबरोबर आलेल्या एका लाकडी खोक्यात जाई आणि खोकं खाटेखाली सरकवलं जाई. ते पाहिलेलं माणूस एकच, त्याची बायको सरूबाई.

लपवण्याला कारण होतं. भिवा लहानपणी चाकणच्या बाजूला, भामा नदीकाठच्या गावात वाढला. गाई वळताना त्यानं एकदा ओल्या मातीचा पाटील केला होता, घोड्यावरून उतरताना धोतर सावरणारा. बांधावर ठेवला. येणारेजाणारे पोट धरून हसले. संध्याकाळी पाटलाचा माणूस आला, त्यानं टाचेखाली तो चुरडला आणि भिवाच्या बापाला, धोंडीबाला, चावडीवर नेलं. धोंडीबा हात जोडून बराच वेळ उभा होता. घरी येताना तो पोराला रागावला नाही. एवढंच म्हणाला, हातांना दुसरं काम लाव. मार बसला असता तर भिवा विसरला असता. हे वाक्य मात्र तो विसरला नाही.

सरूबाईला हे सगळं ठाऊक होतं आणि तरी तिला ते पटत नसे. एकदा दार लोटलेलं असताना कुणीतरी कडी वाजवली, तसं भिवानं घाईनं पोतं चित्रावर ओढलं आणि ओल्या मातीचं डोकं चेपलं. माणूस निघून गेल्यावर सरूबाई म्हणाली, "चोरी केल्यावानी करता. चोरी केलीया का?"

 चेपलेलं डोकं काढून भिवा नवं करायला बसला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला. चाळीतली पोरं दिवाळीत अंगणात किल्ला करत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चारुलताबाई तिसऱ्या खोलीत राहत. दगड, पोती, चिखल, वर पेरलेले अळीव, असा सगळा कारभार त्यांच्या देखरेखीखाली चाले. किल्ल्यावरची चित्रं वर्षभर त्यांच्याच माळ्यावर असायची. त्या साली माळा गळला आणि मावळ्यांचा लगदा झाला. चारुलताबाई पिंपरी कॅम्पात नवी चित्रं आणायला गेल्या, तर दुकानं रिकामी. सिंहासनावर बसलेले महाराज तेवढे मिळाले. एवढा मोठा किल्ला, बुरूज झाला, विहीर झाली, खाली गाव झालं, आणि माणूस एकही नाही. पोरं हिरमुसून बसली.

भिवाचं घर बौद्ध, घरात दिवाळीची पूजा नव्हती. पण बोनस होता आणि चाळीबरोबर कंदील लागत होता. तो ओट्यावर बसून हे बघत होता. सरूबाई दारात उभी होती. खाटेकडे तिनं बघितलंही नाही. भिवा मात्र उठला, आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. पुढं तो सांगायचा की त्या वेळी त्यानं तीनदा खोकं ओढलं आणि तीनदा परत सरकवलं. चौथ्यांदा ते उचललं तेव्हा विचार करायचाच सोडून दिला होता.

त्यानं खोकं अंगणात आणून ठेवलं आणि चिंध्या सोडायला लागला. आधी पोरं जमली, मग बायका, मग पाळीवरून आलेले गडी. महाराज वर सिंहासनावर, आणि खाली त्यांच्या मुलखात सायकलवाला, दूधवाली, पदर खोचलेली बाई, पाठीवर पोर बांधून वीट उचलणारी बाई, भिंतीला टेकून झोपलेला गडी. चौथ्या खोलीतल्या बाईनं पदर खोचलेल्या बाईत स्वतःला ओळखलं. ती आधी गोरीमोरी झाली, मग तिनं शेजारणीला हाक मारून दाखवलं. झोपलेल्या गड्याला तर चाळीनं जन्माचं टोपणनाव पाडलं. चारुलताबाईंनी विचारलं, ही कुठून आणली. भिवानं केलीत असं सांगितल्यावर त्यांनी पुन्हा वाकून एकेक बघितलं आणि म्हणाल्या, की ओव्हाळ, तुम्ही आम्हाला इतकी वर्षं बघत होता आणि आम्हाला पत्ता नाही.

खोक्याच्या तळाशी एक चिंधी त्यानं सोडली नव्हती.

गलका ऐकून नानासाहेब आले. काठी टेकत त्यांनी किल्ल्याला एक फेरा घातला. वरून खाली, खालून वर बघितलं. मग म्हणाले, "समदी हायती की. आमी न्हाई व्हय, भिवा?"

जमलं न्हाई, असं म्हणायचं होतं. शब्द जिभेवर होते. पण इतकी माणसं उजेडात मांडून झाल्यावर एकाला खोटं बोलून अंधारात ठेवायचं भिवाच्या जिवावर आलं. तो म्हणाला, "हायती, नाना."

त्यानं चिंधी सोडून चित्र नानासाहेबांच्या हातावर ठेवलं. नानासाहेब गावात फेट्याशिवाय कुणाला दिसले नव्हते. चित्रातले नाना उघड्या डोक्यानं बसले होते. फेटा मांडीवर, तळवे उताणे, मान पुढं झुकलेली. घरामागच्या बोरीखाली, कुणी बघत नसताना ते असे बसत. शेवटच्या खोलीच्या खिडकीतून तेवढंच दिसे. मागं कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच गप्प झालं. नानासाहेबांनी चित्र बराच वेळ हातावर धरलं. मग भिवाच्या हातात परत दिलं आणि काठी टेकत निघून गेले.

दोन दिवस ते अंगणात आले नाहीत.  खोली सोडायला लागली तर कुठं जायचं, याचा भिवा हिशेब करू लागला. काळेवाडीत ओळखीचं कोण, थेरगावात कोण. पाटलाची टाच त्याला पुन्हा पुन्हा दिसे. एकदा त्यानं ते चित्र बादलीवर धरलंही. पाण्यात सोडलं की मातीची माती. पण त्याची नजर चित्राच्या मानेवर गेली. ती मान त्याला चार गुरुवार छळत होती आणि मग एका दुपारी अचानक साधली होती. तिच्यात नानांची थट्टा नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मोडलं तर थट्टाच होती असं ठरलं असतं.

पाडव्याच्या सकाळी अंघोळ करून तो बाहेर आला आणि सगळ्यांच्या देखत नानासाहेबांचं चित्र त्यानं किल्ल्यावर ठेवलं, विहिरीच्या पलीकडं, जरा उंचावर. सरूबाई बघत होती. "बरं केलंत," एवढंच ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

उन्हं वर आली तसे नानासाहेब आले. बरोबर त्यांच्या पत्नी गिरजाबाई. त्या चाळीत सहसा येत नसत. नानासाहेबांनी काठीनं चित्र दाखवलं. गिरजाबाई खाली बसल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"आस्सेच बसत्यात," त्या सरूबाईला म्हणाल्या. "इतकी वर्सं मी एकलीच बघत हुते."

नानासाहेब ओट्यावर टेकले. भिवा उभाच होता, त्याला त्यांनी शेजारची जागा दाखवली. तो बसला.  मग नानासाहेब म्हणाले की फेट्याचं राहू दे, डोकं उघडंच असू दे, पण चित्रात एक खोट आहे. "म्या म्होरं बगतोय. आन् म्होरं कायच न्हाई."

"काय ठिवू, नाना?"

"पाखऱ्या."

पाखऱ्या म्हणजे त्यांचा बैल. जमीन गेली त्या साली तो वडगावच्या बाजारात विकला होता. भिवानं तो कधी पाहिला नव्हता. मग पुढचे कित्येक गुरुवार दार उघडं टाकून भिवा ओट्यावर माती मळत बसला आणि नानासाहेब शेजारी बसून बैल सांगत राहिले. शिंग असं नव्हे, डावं जरा आत वळलेलं. वशिंड मोठं, पण एका अंगाला झुकलेलं. उभा राहिला की मागचा एक पाय सैल सोडायचा. भिवा करी, नानासाहेब मान हलवत, भिवा मोडी. पहिला बैल झाला तो कुणाचाही असता. दुसरा नानासाहेबांना शेजाऱ्याचा वाटला. तिसऱ्याच्या वेळी भिवानं विचारलं की तुमची चाहूल लागली की तो काय करायचा. नानासाहेब विचारात पडले, मग त्यांनी स्वतःची मान जराशी फिरवून, एक कान टवकारल्यासारखं करून दाखवलं. भिवानं बोटाच्या टोकानं मातीचा कान मागं दाबला.

नानासाहेबांनी काठी बाजूला ठेवली. "व्हय," ते म्हणाले. "ह्योच."

त्यानंतर दार लोटायचं कारणच उरलं नाही. येणारेजाणारे ओट्यापाशी थांबत. कुणी पोट कमी करायला सांगे, कुणी केस वाढवून मागे. भिवा हसून म्हणे, दिसतं तसंच होतं, मी काय करू. त्याला स्वतःला सगळ्यात नवल याचं वाटे की ओळखू आल्यावर माणसं रागावत नव्हती. एखादं दुसरं रागावलं, तेही पुढच्या दिवाळीला आपलं चित्र कुठं ठेवलंय ते बघायला येईच.

मातीची चित्रं मात्र तडकत. भिवाच्या मनात एक होतं, आणि आता विचारायची भीड उरली नव्हती. तो यशवंतरावांकडं गेला आणि सरळ सांगितलं की फेकून द्यायची वाळू आणि ती बांधायचं जवसाचं तेल घेऊन गाभ्यासारखीच माणसं करून बघायची आहेत, भट्टीत भाजू द्याल का. यशवंतरावांना किल्ल्याची बातमी आधीच लागली होती. त्यांनी शिफ्टचा कागद वाचता वाचता विचारलं, मला केलंयस का. भिवा म्हणाला, केलंय. "कसा?" "ओरडताना." यशवंतरावांनी कागद खाली ठेवला. भाजायचंच तर खालच्या थाळीवर ठेव, म्हणाले, वरची जास्त तापते.

वाळूची माणसं दगडासारखी टणक झाली. सत्याहत्तर साली कंपनीच्या वर्धापनदिनाला कॅन्टीनच्या टेबलांवर भिवानं सगळं कोअर शॉप मांडलं. ज्यांना मांडलं होतं तेही बाकीच्यांबरोबर एकाच रांगेतून बघत पुढं सरकत होते. साहेबलोकही आले. भिवाला बोलायला सांगितलं तेव्हा त्याला दोन वाक्यंही सुचेनात. पण तो टेबलामागून हलला नाही, आणि ज्यानं जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं दिलं.

मग जवळच्या बौद्ध वस्तीतल्या लोकांनी विहारासाठी बुद्धमूर्ती मागितली. त्यावर तो फार दिवस अडला. माणसं करणं वेगळं, हे वेगळं. कितीदा केली तरी चेहरा बाजारातल्या मूर्तीसारखा होई आणि भिवाला परका वाटे. शेवटी एका गुरुवारी त्यानं पाहिलेल्या मूर्ती आठवायचं सोडलं आणि हाताला जसं येईल तसं येऊ दिलं. मूर्ती विहारात बसली त्या दिवशी सरूबाईनं निरखून बघितलं आणि हळूच म्हणाली, की नाक आपल्या ज्ञानदेवसारखं झालंय. ज्ञानदेव तिचा धाकटा भाऊ, खडकीला हमाली करणारा. भिवानं बघितलं. खरंच होतं.

वस्तीतल्या शालनबाई वयानं सगळ्यात वडील. त्यांच्या कानावर ते गेलं. भिवाला वाटलं, आता काहीतरी निघणार. शालनबाई मूर्तीपुढं हात जोडून बराच वेळ बसल्या. उठताना त्या म्हणाल्या, "आपल्यातलाच दिसतोय. बरं वाटलं."

भिवा त्यांच्या पाया पडला. दुपारची पाळी होती. सरूबाईनं बांधून दिलेला डबा त्यानं सायकलला अडकवला आणि चिंचवडच्या वाटेला लागला.