पडलेल्या भांड्यांचा नकाशा

भूकंप झाला तेव्हा मी चुलीवर आमटी ठेवली होती. ठाण्यातलं आमचं घर चढावर, काळ्या कातळावर बांधलेलं. मला फळीवरचे पेले जरा किणकिणल्यासारखे वाटले, एवढंच. माजघरात वाती वळत बसलेल्या सासूबाईंना तेवढंही कळलं नाही.

आमचे हे शाळेत भूगोल शिकवत. शाळा खाडीच्या अंगाला. तिथे कपाटावरचा पृथ्वीचा गोल पडून फुटला आणि मुलं किंचाळत पटांगणात धावली. हे धापा टाकत घरी आले.

"आई, बरी आहेस ना? केवढा भूकंप झाला!"

"कुठे?"

"अगं, इथेच. ठाण्यात."

"मग मी काय ठाण्याबाहेर बसले होते?"

एकाच गावात, एकाच वेळी आपला गोल फुटावा आणि आपल्या आईला पत्ताही लागू नये, हे ह्यांच्या मनातून जाईना. त्यांनी मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढला आणि कुठे किती हादरलं ते विचारत संध्याकाळी आळी-आळीतून फिरू लागले. पण दुपारी पुरुष कुठले घरात? कोणी कचेरीत, कोणी शेतात, कोणी गाडी हाकत. निम्म्यांना काही कळलंच नव्हतं आणि उरलेले फुशारक्या मारत होते. हे हिरमुसले होऊन परत आले.

मी ताट वाढता वाढता म्हटलं, "घरात बायका होत्या. कुणाची भांडी पडली ते त्यांना विचारायला हवं."

"मला कोण स्वयंपाकघरात घेणार?" असं म्हणून ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हळूच आईकडे.

"सुनेला एकटी दारोदार पाठवू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मी जाते बरोबर. झालाच नाही तो भूकंप, पण जाते."

पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघी फिरलो. हे बाहेर ओटीवर कागद मांडीवर घेऊन बसत, आम्ही आत. मी भीत भीत विचारी. सासूबाईंचा मात्र उलटतपासणीत कुठल्या वकिलानेही हात धरला नसता. "तांब्या पडला म्हणतेस. पडला, की मांजराने पाडला? मांजर तेव्हा कुठे होतं?" एकीने तर शेवटी कबूल केलं, की कढई तिनेच जावेच्या रागाने आपटली होती. सासूबाई दारातूनच ओरडल्या, "हे घर खोड रे! इथे नुसता जावांचा भूकंप!"

खाडीकाठच्या कोलशेतला बैलगाडीने गेलो. मिठागरावर राबणारी माणसं ती. एका घरात म्हातारीने फुटक्या मडक्यांचा ढीग दाखवला आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बाय, मना वाटला खाडीच घरान शिरली!" सासूबाईंनी तिथे एकही उलट प्रश्न केला नाही. तिच्या शेजारी बसून राहिल्या.

माझं माहेर कल्याणचं. हे तिथेही गेले आणि ख्यालीखुशालीच्या आधी माझ्या आईला विचारलं, "भांडी पडली का?" माहेरी पुढे वर्षभर ह्यांची थट्टा चालली.

नकाशा रंगवायचं काम माझं. भांडी पडली तिथे कुंकू, नुसती वाजली तिथे हळद, काहीच झालं नाही तिथे कोरं. खाडीकाठ सगळा लाल झाला, चढावरची घरं कोरी राहिली. मधल्या एका आळीत मात्र अवचित लाल पट्टा उमटला. पुन्हा चौकशी केली तेव्हा कळलं, की तिथे पूर्वी तळं होतं, ते बुजवून घरं उठली होती.

त्या दिवशी खरवस केला होता. ह्यांनी ताटात खरवसाशेजारी गुळाचा खडा ठेवला आणि ताटाच्या काठावर टिचकी मारली. खरवस थरथरला, गूळ ढिम्म.

"आपण गुळावर राहतो, आई. शाळा खरवसावर आहे."

सासूबाईंनी स्वतः ताटाला एक टिचकी मारून पाहिली. "म्हणजे ती कोलशेतची बाई..." एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच हट्ट धरला, की सगळ्या लाल घरांत पुन्हा जायचं आणि जड हंडे फळीवरून खाली उतरवायला सांगायचं. काहींनी ऐकलं, काही हसल्या. कोलशेतच्या म्हातारीने मात्र आमच्यादेखतच मडकी जमिनीवर ओळीने मांडली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी नकाशा पाहून "रंग छान भरलेत" असा शेरा दिला. ह्यांनी आपणच शाळेतली कपाटं दोरीने भिंतीला बांधून टाकली.

त्या काळात सासू-सून आणि मुलगा असे तिघं मिळून कुठे फिरत नसत. पण त्या दिवसांत आम्ही फिरलो. उन्हं कलली की आम्ही घराकडे वळत असू. गुंडाळलेला नकाशा काखेत घेऊन हे पुढे असत, मागे आम्ही दोघी. चढ लागला, की हे मागे वळून न बघताच पाऊल सावकाश टाकू लागत, आणि सासूबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून, आज कोणती बाई खोटं बोलली ते मला सांगत चालत.